मागचा डावा दिवा

—नको, त्या स्टुलावर नका बसू, त्याचा एक पाय आखूड आहे, इकडे बाकावर बसा, पंख्याचा वाराही इकडेच लागतो. काय म्हणालात? थोडक्यात सांगू? बरं, थोडक्यात सांगते. तुमच्या गाडीला वाटतंय की तिचा मागचा डावा दिवा गेला. आणि दिवा तर चांगला लख्ख पेटतोय — तुम्हीच उतरून दोनदा बघितलात. मग खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही. गाडी काही डोळ्यांनी दिवा बघत नाही हो, ती वीज मोजते. जुना काचेचा बल्ब होता तो खादाड, एकवीस वॅट गिळायचा. तुम्ही हौसेनं एलईडी बसवून घेतलेत, त्याचं तिनात भागतं. आता दोन ताटं जेवणारा माणूस एकदम चार घास खाऊन उठायला लागला तर घरचे काय म्हणतील? ह्याचं काही खरं नाही, डॉक्टरला बोलवा. तसं झालंय. गाडी म्हणते, दिवा जेवत नाही म्हणजे दिवा मेला — आणि तुमच्यासमोर डॅशबोर्डवर ती पिवळी खूण लावून बसते.

हो, कळलं मला, तुम्हाला फक्त ती पिवळी खूण घालवायचीय. 'स्कॅनर लावा आणि बंद करून टाका' — आल्या आल्या म्हणालात. होतं की तसं. दोन मिनिटांचं काम. स्कॅनर लावायचा, गाडीच्या कॉम्प्युटरला सांगायचं, बाई गं, मागच्या दिव्यांची चौकशी करत जाऊ नकोस — संपलं. मग ती जन्मात विचारत नाही. दिवा असो, नसो, जळो — थांबा, त्या जळण्यावरच यायचंय मला. ज्यानं तुमचे दिवे बसवले ना, त्यानंसुद्धा एक अक्कल चालवलीय. गाडीला फसवायला प्रत्येक दिव्याला एक-एक रेझिस्टर जोडलाय. हा बघा — सोनेरी, पन्हळीपन्हळीचा, बोटाएवढा. हा काय करतो? काही नाही करत. नुसती वीज खातो आणि तापतो. घराघरात असतो असा एखादा — कामाच्या वेळी दिसत नाही, जेवायला पहिला, आणि तापायला तर विचारूच नका. गाडीला वाटतं, हां, कोणीतरी भरपूर जेवतंय, म्हणजे दिवा जिवंत आहे. युक्ती चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण हा ठेवायचा कुठे? लोखंडी पत्र्यावर, स्क्रूनं आवळून, आजूबाजूला वायर नाही, कापड नाही, प्लॅस्टिक नाही अशा जागी. आणि ह्यानं कुठे ठेवलाय? डिक्कीच्या आतल्या प्लॅस्टिकवर, दोन वेढे टेप मारून! टेप वितळली, जोड सुटला, म्हणून डावीकडची खूण लागली. ती लागली हे तुमचं नशीब समजा.

इकडे या. या हो, उठा जरा. ब्रेकच्या पेडलला काठी लावून ठेवलीय मी, ती सीटला टेकलीय — म्हणजे ब्रेकचे दिवे गेली सहा-सात मिनिटं पेटलेत. उजवीकडच्याला अजून हात लावला नाही मी, तो अजून त्यानं बसवला तसाच आहे. हात न्या जवळ. लावू नका, नुसता जवळ न्या. बघा! — आणि हे नुसतं सात मिनिटांचं. तुम्ही चढावर रांगेत अडकलात, फाटकापाशी अडकलात, ब्रेकवर पाय ठेवून वीस-पंचवीस मिनिटं... प्लॅस्टिकला आत्ताच खळगा पडलाय, दिसतोय ना? तपकिरी कडा आलीय. का हो, चेहरा असा का झाला तुमचा? गरम हवा लागली असेल डोळ्यांना. बसा, पाणी प्या.

फाटकापाशीच झालं होतं ते. कुठलं काय विचारता — सांगते ना. नऊ वर्षं झाली. एका दातांच्या डॉक्टरांची गाडी होती, राखाडी, मोठी. फाटक बंद, पुढे-मागे गाड्या, डॉक्टर ब्रेकवर पाय ठेवून बसलेले, मागच्या सीटवर त्यांची आई. आधी वास आला, मग डिक्कीतून धूर, मग एकदम भडका. डॉक्टर उडी मारून उतरले, आईला उतरता येईना — गुडघ्यांची दुखणेकरी बाई, दार उघडलं तरी पाय बाहेर पडेनात. शेजारच्या ट्रकवाल्यानं काखेत हात घालून ओढलं तिला. वाचली. पण पोटऱ्यांपासून खाली दोन्ही पाय भाजले, चार महिने दवाखान्यात, नंतर जन्मभर काठी. आणि मग विमा कंपनीचा सर्व्हेअर आला बघायला.

हं. आता कसे सरळ बसलात!

तुम्ही मला ओळखलं नाहीत, आणि कसं ओळखाल? मी तेव्हा त्या मोठ्या वर्कशॉपच्या काउंटरमागे बसायचे, जॉबकार्डं लिहायचे, केस एवढे पांढरे नव्हते. पण मी ओळखलं. चेहऱ्यावरून नाही, पोट सुटलंय तुमचं, मिशी काढलीत. मघाशी, फोनसाठी तुम्ही बाहेर गेलात त्याच्या आधी, दारात उभं राहून मी सांगायला लागले आणि तुम्ही हात असा केलात — 'थोडक्यात सांगा' — तेव्हाच माझ्या हातातला टेस्ट लॅम्प खाली पडला, आठवतंय? मी म्हटलं, हात ओले आहेत. हात कोरडे होते. तेव्हाही हेच म्हणाला होतात तुम्ही. आमचे हे तुम्हाला सांगायला धडपडत होते — साहेब, मी तिथे मागे गाडी लावतानाचा सेन्सर बसवला होता तीन महिन्यांपूर्वी, त्याची वायर अमुक बाजूनं नेली, फ्यूज असा लावला — आणि तुम्ही घड्याळ बघत: 'थोडक्यात सांगा, या गाडीच्या मागच्या वायरिंगला शेवटचा हात कोणाचा लागला?' आणि कार्ड कोणी काढून दिलं तुम्हाला? मी! मोठ्या तोऱ्यात! नवऱ्याची सही होती ना खाली, आमच्या वर्कशॉपमधला सगळ्यात नेटका इलेक्ट्रिशियन, त्याच्या कामाचं कार्ड दाखवायला मला लाज कसली? माझ्या हातानं दिलं.

मग तुम्ही मागच्या आवारात गेलात, जिथे ती जळलेली गाडी आणून ठेवली होती. मी खिडकीतून बघत होते. अकरा मिनिटं. समोर भिंतीवर घड्याळ होतं माझ्या. तुमची पँट पांढरी होती आणि खाली सगळी काळी चिखलराड — अग्निशामकचं पाणी आणि राख. तुम्ही वाकला नाहीत. एकदाही वाकला नाहीत! नाकाला रुमाल लावून उभ्या-उभ्या चार फोटो काढलेत आणि निघून गेलात. आणि आठ दिवसांनी कागद आला — 'मागील वायरिंगचे सदोष काम. कारागिराचा निष्काळजीपणा.' एवढंच. दोन ओळी. माझ्याकडे आहे तो कागद अजून, पण मला बघावा लागत नाही.

कुठे निघालात? बसा. गाडीचा दिवा माझ्या मांडीवर आहे, किल्ली माझ्या खिशात आहे, जाल कुठे? आणि मी काही तुम्हाला मारत नाहीये, मी तुमचा दिवा दुरुस्त करतेय, बघताय ना? हा जुना जोड कापला, ही वायर सोलली, आता डाग देऊन पक्का करते, मग रेझिस्टर चांगल्या जाड पत्र्यावर बसवते. तुम्ही फक्त ऐका.

कामावरून काढलं ह्यांना, ते तर झालंच. मॅनेजर म्हणाला, माझा इलाज नाही, कागद वरून आलाय. पण त्याचं मला काही नाही, काम गेलं तर काम मिळतं. ह्यांचं दुसरंच काहीतरी गेलं. दवाखान्यात जायचे रोज संध्याकाळी, त्या म्हातारीच्या खोलीबाहेर बाकावर बसायचे. आत जायची हिंमत नाही. पंधराव्या की सोळाव्या दिवशी नर्सनंच हाताला धरून आत नेलं, तर हे तिच्या पलंगाशी खाली बसले आणि म्हणाले, आई, माझ्या हातून झालं, मला माफ करा. न केलेल्या चुकीची माफी! आणि त्या बाईनं केलंही माफ — तिनं केलं, ह्यांनी स्वतःला नाही केलं. घरी आलं की तीन-तीनदा गॅसचं बटण बघायचे. दार लावलं की परत उघडून कडी बघायची. साधा घरातला होल्डर बदलायचा तर हात असे कापायचे की स्क्रू खाली पडायचा. ज्या माणसानं डोळे मिटून बोटांनी ओळखून चाळीस वायरींचा झुबका जोडलाय, त्या माणसाचे हात! म्हणून मी शिकले. ते शेजारी बसून सांगायचे, मी करायचे. आजही तसंच — काम मी करते, ते तपासतात. एकदा नाही, दहादा. गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे.

खरं काय ते कसं कळलं? आपोआप. चार वर्षांपूर्वी एक जण आला, आम्ही त्याला टेपवाला म्हणतो, रस्त्याकडेला गाड्यांना फॅन्सी दिवे बसवायचा, सगळ्याला टेप, पत्र्याला टेप, काचेला टेप, बायकोचं तोंड बंद करायलाही टेपच लावत असेल. त्याला एका गाडीच्या पिवळ्या खुणा जाईनात, म्हणून मला विचारायला आला. बसला तुम्ही बसलात तिथेच. आणि बढाया मारता मारता म्हणतो, वहिनी, काय सांगू, एक डॉक्टरची राखाडी गाडी होती, मीच तिला एलईडी लावले, रेझिस्टर आत प्लॅस्टिकवर मस्त टेपनं बसवले, आणि पंधरा दिवसांत पेटली की हो फाटकापाशी! विमा बुडेल म्हणून डॉक्टरनं माझं नाव काढलं नाही, आणि नशीब, मला कोणी विचारायलाच आलं नाही. — हसला तो. कोणी विचारायलाच आलं नाही म्हणून हसला. मी त्याला पाणी दिलं. मला अजून आठवतं, मी त्याला पाणी दिलं, आणि तो गेल्यावर तो पेला फोडला.

त्या दिवशी जेवताना ह्यांना सांगितलं. म्हटलं, ऐका, तुमची वायर नव्हतीच ती. हे जेवत राहिले. मग म्हणाले, 'कशाला माझं मन राखतेस?' म्हटलं, अहो, खरंच, टेपवाला स्वतःच्या तोंडानं म्हणाला. तर म्हणाले, 'आण मग त्याला.' आणायला गेले तर तो पसार — त्यालाही कळलं असणार आपण काय बोलून बसलो ते. गाव सोडूनच गेला. मग तुमच्या ऑफिसात गेले मी. दोनदा. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं फाईल बंद झाली, साहेब रिटायर झाले, घरचा पत्ता देता येत नाही. तेव्हापासून वाट बघतेय. तुम्हाला वाटलं असेल, शेजाऱ्यानं सांगितलं, चांगलं दुकान आहे, म्हणून आलात. तुम्ही आला नाहीत. मी चार वर्षं बोलावत होते तुम्हाला, मनातल्या मनात, रोज, भांडी घासताना, डाग देताना. काय काय करायचं ठरवलं होतं माहितेय?

सांगते. मघाशी तुम्ही बाहेर फोनवर बोलत होतात ना, तेव्हा मी स्कॅनर लावला. तुम्ही सांगितलं होतंत तेच करायला. पिवळी खूण बंद. रेझिस्टर होते तसेच प्लॅस्टिकवर, टेपनं, वर झाकण. उजवा तर तापतच होता, डाव्याचा जोड मी नुसता पिळून दिला असता. तुम्ही खूश होऊन गेला असतात, मला चार लोकांत चांगलं म्हणाला असतात. बोट होतं माझं बटणावर. का थांबले? दया आली म्हणून? दया कसली! मनात आलं, पेटलीच उद्या, तर ह्या माणसाला कधी कळणारसुद्धा नाही का पेटली ते. दुसराच कोणी पांढऱ्या पँटचा येईल, नाकाला रुमाल लावेल, विचारेल, शेवटचा हात कोणाचा? आणि लिहील — आमच्या दुकानाचं नाव. परत ह्यांचं नाव! म्हणून थांबले. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची आहे, पट्ट्याची, बिस्किटाचा चुरा पडलेली — नात आहे वाटतं? ती मी नंतर बघितली. आधी बोट काढलं, मग ती बघितली. नंतर... हे तुम्हाला सांगायचं नव्हतं मला. हे मी कोणालाच सांगणार नव्हते. थांबा, हा डाग परत देते.

काय म्हणताय? खूप गाड्या बघितल्या, सगळ्या लक्षात राहत नाहीत? नसतील राहत. आम्हाला एकच लक्षात आहे. — काय? मोठ्यानं बोला, पंख्याचा आवाज आहे. सोनेरी... कुठे? कुठे बघितलात?

राखेत? डॉक्टरांच्या गाडीच्या राखेत?

अर्धा वितळलेला. डाव्या कोपऱ्यात. म्हणजे बघितला होतात. फोटोतसुद्धा आला होता. आणि तो काय आहे ते तुम्हाला माहीत नव्हतं, तेव्हा नवीनच निघाले होते हे — बरोबर, नवीनच होते. मग विचारायचं! बाजूला चार इलेक्ट्रिशियन उभे होते, त्यातला एक माझा नवरा, त्यानं डोळे मिटून सांगितलं असतं. तुम्ही का नाही विचारलंत? लाज वाटली? साहेबाला माहीत नाही असं दिसू नये म्हणून? एका वाक्याची लाज वाटली तुम्हाला, आणि ह्या माणसानं नऊ वर्षं — मघाशी तुमचा चेहरा उतरला तो गरम हवेनं नाही उतरला. मला वाटलं होतं तुम्ही अकरा मिनिटांत काही बघितलंच नाहीत. ते मी समजून होते. आंधळ्या माणसाचा राग धरून जगता येतं. आता तर मला... हा पाना घ्या बरं माझ्या हातातून. घ्या, तिकडे ठेवा, लांब.

नको. कागद लिहून देतो म्हणू नका. कागदाचं नाव काढू नका माझ्यापुढे. तुम्हाला वाटतं तुमच्या कागदानं ह्यांना मारलं? कागदानं नाही मारलं. ऐका आता, सुरुवात केलीच आहे तर शेवटपर्यंत ऐका. तो कागद आला त्या दिवशी घरी गेलो आम्ही, आणि मी — मी बायको, बावीस वर्षं एका ताटात जेवलेली, ह्यांच्या कामाचं कौतुक चार घरी सांगत फिरणारी — मी त्यांना विचारलं, 'नीट आठवा हो, तो जोड पक्का केला होतात ना?' एवढंच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बास. तुम्ही परके, तुमचं मेलं दोन ओळींचं काय मनावर घ्यायचं होतं त्यांनी! मी विचारलं म्हणून त्यांना खरं वाटलं. पाच वर्षं मलाही खरंच वाटत होतं, साहेब. पाच वर्षं मी त्यांच्या मागून जाऊन गॅसचं बटण चौथ्यांदा बघत होते. त्यांना कळत होतं ते. म्हणून तर आता मी शंभरदा सांगितलं तरी म्हणतात, मन राखतेस. माझ्या तोंडून ते आता ऐकूच शकत नाहीत. ज्या तोंडानं विचारलं त्याच तोंडानं कसं पुसणार?

तुमचा दिवा झाला. डावा पत्र्यावर घेतला, हा उजवाही घेते, दोन स्क्रू, झालं. बघा, दोन बोटं जागा सोडलीय चारी बाजूंनी. आता कितीही वेळ ब्रेक दाबून बसा. किल्ली ही घ्या, खूण गेलेली दिसेल तुम्हाला, गाडी सुरू करून बघा... जा म्हटलं तर जाल ना तुम्ही? दार उघडं आहे. मी काही धरून ठेवलेलं नाही. खरं म्हणजे मला तुम्ही जायला हवे आहात, मला तुमचं तोंड बघवत नाही. चार वर्षं मनात तुम्हाला ह्या बाकावर बसवून काय काय बोलले, आणि आता समोर बसलात तर नुसतं एक म्हातारं माणूस घाम पुसतंय. काय करू तुमचं?

—थांबा. हे आले. स्कूटर लावतायत. स्टँड लावला की दोनदा हलवून बघतात पक्का लागला का, तो आवाज आहे. गप्प बसा, मी काय सांगते ते ऐका. मी काही बोलणार नाही, मी बोलले की संपलं, ते म्हणतील हिनंच पढवलंय. मी डाग द्यायचं सामान आवरते. हा घ्या, खणातला तसलाच दुसरा रेझिस्टर, तुमच्या हातात धरा. असा. दिसेल असा.

या. उन्हाचं लवकर आलात. पाणी देऊ? — हो, गाडीचं झालं, तुम्ही एकदा तपासा नंतर. हे कोण, विचारता? विचारा त्यांनाच. तुमच्याशीच बोलायला थांबलेत.

बोला, साहेब.